ऑगस्टची विक्री वाढली, की चवथ आधी आली?

वाचकांचे प्रश्न : कामातले आकडे

या वेळच्या पत्रांत दोन दुखणी पुन्हा पुन्हा आली आहेत. एक, सण पुढेमागे सरकल्यामुळे फसवणारी विक्री. दुसरे, एक्सेलमध्ये बिघडलेल्या तारखा. त्यांना जास्त जागा दिली आहे. सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, असेही पुष्कळांनी विचारले आहे. माझे उत्तर दर वेळी तेच असते : आकडा कोणी, कधी आणि कशासाठी लिहिला ते आधी पाहा, सॉफ्टवेअरचे मग बघू.

प्रश्न : नमस्कार ताई. फोंड्यात आमचे मिठाई-फरसाणाचे दुकान आहे. २०२४ च्या ऑगस्टपेक्षा २०२५ च्या ऑगस्टची विक्री जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त दिसते. तेवढ्यावर काका कर्ज काढून दुसरी शाखा उघडायला निघाले आहेत. बी.कॉम. झाल्यावर मी पॉवर बीआय हे आकड्यांचे आलेख काढणारे सॉफ्टवेअर शिकलो, डॅशबोर्ड मीच केला आहे आणि त्यात हिरवा बाण वर जातो. तरी मन मानत नाही. कसे तपासू?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : मन मानत नाही ते बरोबरच आहे. कर्जाच्या कागदांवर सह्या होण्याआधी काकांना हे दाखवा.

२०२४ मध्ये गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. आपल्याकडे चवथीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत दुकानात काय गर्दी असते, ते मी तुम्हाला सांगायला नको. मुंबई-पुण्याची माणसे गावी येतात. घरी नेवऱ्या केल्या तरी पाहुण्यांसाठी लाडू, चिवडा आणि पेढे विकतचेच येतात. २०२५ मध्ये ही सगळी खरेदी ऑगस्टात आली. २०२४ मध्ये तिचा मोठा भाग सप्टेंबरात गेला होता. तुमचा डॅशबोर्ड ऑगस्टशेजारी ऑगस्ट ठेवतो, पंचांग त्याला ठाऊक नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि चवथ १९ सप्टेंबरवर गेली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, चवथ १४ सप्टेंबरला. म्हणजे हाच डॅशबोर्ड २०२६ च्या ऑगस्टात लाल बाण दाखवील आणि तेव्हा काका शाखा बंद करायला निघतील.

आता करायचे ते असे. बिलांच्या यादीत एक नवा रकाना घाला : बिलाची तारीख वजा त्या वर्षीच्या चवथीची तारीख. २०२४ चा ३१ ऑगस्ट म्हणजे उणे ७ आणि २०२५ चा २० ऑगस्ट म्हणजेही उणे ७. पिव्होटमध्ये (बेरजांचा गोषवारा काढणाऱ्या तक्त्यात) हा रकाना ओळींत घ्या, वर्षे स्तंभांत घ्या आणि उणे २१ पासून अधिक १० पर्यंतची बेरीज शेजारीशेजारी पाहा. ही तुलना खरी. पॉवर बीआयमध्ये मागच्या वर्षीचा तोच काळ काढून देणारे तयार फंक्शन आहे, पण ते इंग्रजी तारखांवर चालते. त्यामुळे दिनदर्शिकेचा तक्ता स्वतः करा. त्यात तारीख, वार, चवथीपासूनचे दिवस, दिवाळीपासूनचे दिवस असे रकाने ठेवा. एका संध्याकाळचे काम आहे आणि पुढची अनेक वर्षे उपयोगी पडते.

वारही मोजा. २०२४ च्या ऑगस्टात चार रविवार होते, २०२५ च्या ऑगस्टात पाच. पणजीच्या दुकानदारांना हाच घोळ फेब्रुवारीत भेटतो. २०२४ चा कार्निव्हल १० ते १३ फेब्रुवारीला झाला आणि तो महिना २९ दिवसांचा होता. २०२५ मध्ये कार्निव्हल १ ते ४ मार्चला आला आणि फेब्रुवारी २८ दिवसांचा. धंदा जसाच्या तसा असला तरी फेब्रुवारी पडलेला दिसणारच.

हे झाले की रुपये बाजूला ठेवून किलो पाहा. २०२५ मध्ये नारळ किती महागला ते प्रत्येक घराला माहीत आहे. खोबऱ्याच्या मिठाईचा भाव तुम्हीही वाढवला असेल, तर रक्कम वाढली म्हणजे गिऱ्हाईक वाढले असे होत नाही. रक्कम घ्यायचीच तर कर वगळून घ्या. पॅकबंद फरसाणावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. करासकट रकमा घेतल्या, तर त्या तारखेच्या अलीकडची आणि पलीकडची तुलना बिघडते.

शाखेबद्दल माझे मत स्पष्ट आहे : चवथीचे आकडे बघून शाखा उघडू नये. हप्ता दर महिन्याला भरायचा असतो. जूनचे शेवटचे दोन आठवडे आणि सगळा जुलै काढा. पाऊस असतो, मोठा सण नसतो, पर्यटकही कमी. त्या आठवड्यांत किलोच्या हिशेबाने दुकान सलग दोन-तीन वर्षे वर जात असेल, तर काकांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

प्रश्न : ताई, मी मडगावात सीएंच्या ऑफिसात आर्टिकलशिप करते. एका क्लायंटचे बिलिंग सॉफ्टवेअर सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी तोडलेल्या नोंदींची साधी मजकूर फाइल) देते. २०२५-२६ ची फाइल एक्सेलमध्ये उघडून महिनावार पिव्होट केले. एकूण बेरीज टॅलीशी जुळते, महिन्यांची जुळत नाही. काही बिले जानेवारी २०२५ मध्ये दिसतात, तेव्हा तर हे आर्थिक वर्ष सुरूही झाले नव्हते. सर म्हणतात, फॉर्म्युला चुकला. मला तो सापडत नाही.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : फॉर्म्युला बरोबर आहे. चुकल्या आहेत त्या तारखा. जानेवारी २०२५ चा उल्लेख केलात, त्यातच उत्तर सापडले.

क्लायंटचे सॉफ्टवेअर दिवस आधी आणि महिना नंतर लिहिते. तुमच्या संगणकाची विंडोज अमेरिकी पद्धतीवर आहे, ती पहिला आकडा महिना समजते. त्यामुळे ०१/०४/२०२५, म्हणजे १ एप्रिल, हे एक्सेलला ४ जानेवारी दिसते. २ एप्रिल होतो ४ फेब्रुवारी आणि ३ एप्रिल ४ मार्च. १३ तारखेपासून पुढे मात्र तेरावा महिना नसल्यामुळे एक्सेल हात टेकते आणि ती तारीख साधा मजकूर म्हणून ठेवते. म्हणजे प्रत्येक महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांपैकी ११ चुकीच्या महिन्यात जातात, एकच बरोबर राहतो (४ एप्रिल, ५ मे असा, जिथे दिवस आणि महिना सारखे), आणि उरलेले दिवस कुठल्याच महिन्यात पडत नाहीत. रक्कम कुठे हरवलेली नाही, म्हणून एकूण बेरीज जुळते.

खात्री करायला तारखांचा रकाना रुंद करून पाहा. खऱ्या तारखा उजव्या कडेला लागतात, मजकूर झालेल्या डाव्या कडेला. तुमच्या फाइलमध्ये प्रत्येक महिन्याच्या १३ तारखेला हा रकाना कड बदलताना दिसेल.

आणि कृपा करून हाताने दुरुस्त करू नका. डावीकडच्या तारखा ओळखता येतात. उजवीकडच्या उलटलेल्या तारखा दिसायला अगदी शहाण्यासारख्या असतात, त्या सुटतात. फाइल तशीच सेव्ह केली, तर कोणती तारीख मूळची आणि कोणती उलटलेली हे नंतर कोणालाच सांगता येणार नाही. क्लायंटकडून सीएसव्ही पुन्हा मागवा आणि ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. तिच्यावर डबल क्लिक करायचे नाही. रिकामी एक्सेल फाइल उघडून डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट / सीएसव्ही’ घ्या, तिथे डेटाचे प्रकार ओळखू नकोस असा पर्याय निवडा आणि पॉवर क्वेरीमध्ये तारखेच्या रकान्यावर राइट क्लिक करून ‘चेंज टाइप’, मग ‘यूजिंग लोकेल’, मग ‘डेट’ आणि ‘इंग्लिश (इंडिया)’. पायऱ्या तिथे नोंदल्या जातात. पुढच्या महिन्याच्या फाइलला फक्त रिफ्रेश करायचे. बँक खात्याचे क्रमांक असतील तर तो रकाना मजकूरच ठेवा. एक्सेल आकड्याचे १५ अंक सांभाळते, सोळाव्याच्या जागी शून्य घालते.

याला किरकोळ चूक समजू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून गळाले होते. प्रयोगशाळांच्या फाइली एक्सेलच्या जुन्या साच्यात घेतल्या जात होत्या. त्या साच्यात ६५,५३६ ओळी मावतात, नव्यात १०,४८,५७६. जास्तीच्या ओळी गुपचूप सुटल्या आणि त्या रुग्णांच्या संपर्कातल्या माणसांचा शोध लांबला.

पिव्होटला हात लावण्याआधी तीन गोष्टी क्लायंटच्या सॉफ्टवेअरशी ताडून पाहायची सवय लावा : एकूण ओळी, रकमेची बेरीज, सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी तारीख. तुमच्या फाइलमधली गडबड तिसऱ्या गोष्टीनेच पकडली असती. सरांना हे पत्र दाखवायला हरकत नाही.

प्रश्न : ताई, मी एमबीएची विद्यार्थिनी, साखळीची. प्रकल्पासाठी बार्देश आणि सत्तरी तालुक्यांतल्या प्रत्येकी ३० ग्राहकांना ऑनलाइन खरेदीविषयी समाधान विचारले, १ ते ५ गुण. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी चाचणी) केली. सरासरीतला फरक ०.४५ आला आणि पी ०.०६. मार्गदर्शक म्हणतात, ‘सिग्निफिकंट’ येत नाही, चार प्रश्नावल्या वगळ, ०.०५ च्या खाली येईल. वगळू का?
— एक विद्यार्थिनी, साखळी

उत्तर : नको. उत्तर आवडले नाही म्हणून माणसे वगळणे हा खोटेपणा आहे. तुझे वय आणि मार्गदर्शकांचा मान दोन्ही लक्षात घेऊनही मी हेच सांगेन. प्रश्नावली अर्धवट असेल किंवा एकाच माणसाने दोनदा भरली असेल, तर ती वगळायची. तीही पी पाहण्याच्या आधी आणि कारण लिहून.

०.०६ चा अर्थ असा : दोन्ही तालुक्यांत खरोखर काही फरक नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता साधारण ६ टक्के. ०.०५ हा आकडा रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये सोयीचा म्हणून सुचवला होता. त्याच्या अलीकडे सत्य आणि पलीकडे असत्य असे काही नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये निवेदन काढून सांगितले, की शास्त्रीय निष्कर्ष किंवा धंद्याचे आणि धोरणाचे निर्णय केवळ पी एखाद्या रेषेच्या खाली गेला की नाही यावर घेऊ नयेत. हे मार्गदर्शकांना नम्रपणे सांगता येईल, संस्था त्यांच्या ओळखीची असेल.

एसपीएसएसने दिलेल्या त्याच तक्त्याच्या उजव्या टोकाला दोन आकडे असतात, विश्वासांतराची, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असावा त्याची, खालची आणि वरची कड. तू दिलेल्या माहितीवरून ते साधारण उणे ०.०२ ते ०.९२ येतात. प्रकल्पात हे लिही : फरक ०.४५ आढळला, ९५ टक्के विश्वासांतर उणे ०.०२ ते ०.९२, म्हणजे फरक जवळजवळ नसेलही किंवा पाचांपैकी एका गुणाच्या आसपासही असेल. ६० माणसांवरून याहून नेमके सांगता येत नाही. या एका वाक्यात ‘सिग्निफिकंट’पेक्षा कितीतरी जास्त माहिती आहे. दुकानदाराला किंवा कंपनीला याचा उपयोग होतो.

आणखी एक. फॉर्म व्हॉट्सॲपवर फिरवला असशील, तर ते ६० जण तुझ्या ओळखीच्या वर्तुळातले आहेत. सत्तरीत रेंज नसलेल्या वाड्यावरचा माणूस त्यात नाही. मर्यादांच्या प्रकरणात हे स्पष्ट लिही. तू वापरलेली टी-टेस्ट विल्यम गॉसेट यांची. ते डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात काम करत. बार्लीचे नमुने थोडेच असत आणि थोड्या नमुन्यांवरून किती बोलावे, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. १९०८ मध्ये त्यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने उत्तर छापले. ही चाचणी थोड्या माहितीवरून जपून बोलण्यासाठीच जन्मली आहे.

प्रश्न : वेर्ण्याच्या औषध कारखान्यात काम करतो. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीच्या वजनाचा कंट्रोल चार्ट (यंत्राच्या चढउतारावर नजर ठेवणारा आलेख) मिनीटॅब या सॉफ्टवेअरमध्ये काढतो, प्रत्येक बिंदू म्हणजे २० गोळ्यांची सरासरी. सगळे बिंदू ४७५ ते ५२५ च्या आत आहेत. तरी आमच्या मॅडम म्हणतात, प्रोसेस सरकली आहे. हद्दीत असताना सरकली कशी?
— एक वाचक, वास्को

उत्तर : मॅडमचे बरोबर आहे. गुणवत्ता विभागात मी बरीच वर्षे काढली आणि हा गोंधळ तिथे सर्वांत जास्त पाहिला, म्हणून नीट सांगते.

४७५ ते ५२५ ही स्पेसिफिकेशनची हद्द, ५०० च्या पाच टक्के खाली-वर. ती एकेका गोळीसाठी आहे. तुम्ही तिच्यात सरासऱ्या बसवता आहात. २० गोळ्यांच्या सरासरीची चढउतार एकेका गोळीच्या चढउतारापेक्षा साधारण साडेचार पट कमी असते (२० चे वर्गमूळ). सरासरी ५१८ असली तरी ती ‘आत’ दिसेल, पण त्या २० मधल्या काही गोळ्या ५२५ च्या वर गेलेल्या असू शकतात.

कंट्रोल लिमिट, म्हणजे चार्टवरच्या वरच्या-खालच्या रेषा, स्पेसिफिकेशनमधून येत नाहीत, त्या तुमच्याच यंत्राच्या वागण्यातून येतात. वॉल्टर शूहार्ट यांनी मे १९२४ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत एक छोटे टिपण लिहून हा चार्ट मांडला, तो यासाठीच. स्पेसिफिकेशन सांगते गिऱ्हाइकाला काय चालेल, चार्ट सांगतो यंत्र काल होते तसेच आज आहे का. तुमच्या चार्टवर शेवटचे नऊ बिंदू मधल्या रेषेच्या एकाच बाजूला असतील, तर ती चाचणी निवडलेली असताना मिनीटॅब नवव्याला लाल करते. काही बदल झालेला नसताना नऊच्या नऊ एकाच बाजूला पडण्याची शक्यता २५६ मध्ये एक आहे. तेव्हा पंचांची झीज, फीडरचा वेग, आणि हे दिवस पावसाचे असतील तर दाण्यांतली आर्द्रता, या क्रमाने बघा. स्पेसिफिकेशनच्या रेषा त्या चार्टवरून काढून टाका, त्यांनी फक्त डोळ्यांना खोटा दिलासा मिळतो.

एक्सेलमध्येच चार्ट काढला तर चालेल का, हेही तुम्ही विचारले आहे. गणित येते, पण माल अमेरिकेला जात असेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदींविषयीचा त्यांचा १९९७ चा नियम लागू होतो. कोणी कोणता आकडा कधी बदलला याचा माग राहिला पाहिजे. साध्या एक्सेल फाइलमध्ये तो राहत नाही.

प्रश्न : पाळोळ्याला चार खोल्यांचा होमस्टे आहे. एका रात्रीचा सरासरी दर माझ्या अंदाजापेक्षा फार जास्त निघतो. चूक कुठे?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : चूक नसावी. ख्रिसमस ते नववर्षाच्या रात्री सरासरी वर ओढतात. मध्यक काढा, म्हणजे दर चढत्या क्रमाने लावले की बरोबर मधे येणारा, एक्सेलमध्ये ‘मीडियन’. आणि पावसाळा, हंगाम, वर्षअखेर असे तीन वेगळे आकडे ठेवा. तिघांची मिळून एक सरासरी कोणत्याच रात्रीची नसते. रिकाम्या रात्रीही यादीत असू द्या, दर कमी केल्याने खोली भरते का ते त्यांच्याशिवाय कळणार नाही.

प्रश्न : ताईंस नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, पेडण्याचा. काजू आणि माडांच्या बागायतीच्या वह्या वडिलांपासून ठेवल्या आहेत : किती किलो बी, किती पाडे, भाव, पावसाची शेरेवजा नोंद. मुलगा म्हणतो संगणकावर घाला. या वयात कोणते सॉफ्टवेअर शिकू?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : सर, वाचूनच आनंद झाला. अशी नोंद मोठमोठ्या कंपन्यांकडे नसते. एक्सेलसारखेच असलेले लिब्रेऑफिस कॅल्क पुरे, ते फुकट आहे. पुढे हौस वाटली तर ॲम्स्टरडॅम विद्यापीठाचे संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर जास्प, किंवा न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी सुरू केलेली आर ही भाषा, दोन्ही विनामूल्य आहेत. घाई मात्र करू नका.

आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. मग एका विक्रीला एक ओळ : तारीख, पीक, परिमाण, एकक, भाव, शेरा. नारळ नगावर आणि काजू किलोवर, म्हणून एककाचा रकाना हवाच. वडिलांनी मण लिहिले असेल तर मणच उतरवा, किलो शेजारच्या रकान्यात काढा. रकाने जोडू नका, रंगाने खुणा करू नका. एखाद्या वर्षी पीक आलेच नाही, तर शून्य लिहा. नोंदच नसेल, तर जागा रिकामी ठेवा. या दोन गोष्टी एक झाल्या, तर सगळ्या सरासऱ्या खाली येतील. आणि वहीचा व पानाचा क्रमांक प्रत्येक ओळीत असू द्या. पुढे एखादा आकडा खटकला, तर मुलाला ते पान काढून वडिलांचे अक्षर पडताळता येईल.